उठता येईल अशी गादी

त्या सकाळी माझ्या डाव्या पायातली चप्पल स्वयंपाकघराच्या दाराशी निघून पडली आणि मला ते कळलंच नाही. मी तशीच गॅसपाशी गेले, चहाचं आधण ठेवलं, आलं किसलं. नवरा कंपनीत जायच्या गडबडीत होता. डबा घ्यायला आत आला आणि म्हणाला, "अगं, एका पायात चप्पल घालून काय फिरतेस?"

मी खाली बघितलं. उजव्या पायात चप्पल होती आणि डावा पाय उघडा फरशीवर टेकलेला होता. डिसेंबरातली फरशी, गार पडलेली असणारच, पण तो गारवा मला लागत नव्हता.

"घाईत राहिली," म्हणून मी हसले. तो गेल्यावर दाराला कडी घातली आणि तिथेच भिंतीला टेकून पायाचा अंगठा चिमटीत धरून दाबला. दुखला नाही. नखानं टोचून बघितलं, तर दुसऱ्याच कुणाचा अंगठा टोचतेय असं वाटलं. चहा उतू गेल्याचा वास आला तरी माझ्याच्यानं जागचं हलवेना.

कंबर तर गणपतीपासून दुखत होती. मी तारापूरच्या एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. उभं राहायचं, वाकायचं, खोकी उचलून फळीवर रचायची. तिथल्या प्रत्येकीचीच कंबर दुखते, त्यामुळे दुखण्याचं कुणाला काही वाटत नाही. बाम चोळायचा, गोळी घ्यायची आणि कठीण जागी झोपायचं, हा आमचा सगळ्यांचा इलाज. मी तर लहानपणापासून फरशीवरच झोपत आले होते. खाली चटई, तिच्यावर सतरंजी, थंडी असली तर एक गोधडी. बोईसरजवळ सरावली गावातल्या आमच्या दोन खोल्यांत पलंग होता, पण त्यावरची जुनी कापसाची गादी मध्ये खड्डा पडून पाळण्यासारखी झाली होती. तिच्यावर नवरा झोपायचा. मी खाली. मुलगी लग्न होऊन वापीला गेल्यावर पलंगावर जागा झाली, तरी मी वर गेले नाही.

त्याचं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

आधी बोईसरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला टाचेवर उभं राहून पंजा उचलायला सांगितला. उजवा उचलला. डावा अर्ध्यावर थांबला, जणू कुणी वरून हात ठेवला होता. डॉक्टर गप्प झाले. मग त्यांनी पालघरच्या हाडांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. त्यांच्या गप्प होण्याचीच मला भीती बसली, कारण बोलका माणूस आहे तो.

पालघरला जाताना रिक्षातल्या प्रत्येक खड्ड्याला मी दोन्ही हातांनी सीट दाबून अंग वर उचलून धरत होते. आता काहीतरी तुटेल, आता पाय कायमचा जाईल, असं प्रत्येक हादऱ्याला वाटे. नवरा शेजारी बसून रिक्षावाल्याला, "भाऊ, सावकाश," म्हणत होता. एमआरआयच्या त्या बोगद्यात मला सरकवलं तेव्हा मशीनची ठकठक सुरू झाली आणि मी डोळे घट्ट मिटले. मला त्या आवाजाची भीती नव्हती. आत सरळ, उताणं, न हलता पडून राहायचं होतं, त्याची होती. असं पडलेलं माणूस मी फार जवळून बघितलं होतं.

पालघरचे डॉक्टर फोटो उजेडावर धरून म्हणाले, "कमरेच्या मणक्यातली चकती सरकून शीर दाबतेय. ऑपरेशन आज नको. दीड महिना औषध, व्यायाम, वजन उचलायचं नाही. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं."

"आणि नाही भागलं तर?" नवऱ्यानं विचारलं.

"तर तेव्हा बघू. पण एक लक्षात ठेवा." त्यांनी माझ्याकडे बघून सावकाश सांगितलं, "बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवी तुंबली किंवा नकळत झाली, तर उद्या जाऊ म्हणायचं नाही. त्याच क्षणी निघायचं."

मी मान हलवली. त्या वाक्यानंतर ते औषधांबद्दल काय काय बोलले ते मला पुसटच आठवतं. मग त्यांनी विचारलं, "झोपता कशावर?"

"खाली. फरशीवर. कंबरेला कठीण बरं ना?"

"तसं सगळे म्हणतात. तुम्ही एका अंगावर झोपलात की फरशी खांदा आणि खुबा वर ढकलते आणि मध्ये कंबर लोंबकळते. मग पाठीचे स्नायू झोपेतसुद्धा ताणलेले राहतात. शिवाय खालून उठताना तुम्ही पूर्ण वाकता, तेच आत्ता वाईट. मऊ गादीत रुतायचंही नाही. मध्यम कडक बघा. गादीनं चकती जागेवर जाणार नाही, ते खोटं आहे. पण झोप लागली तर शरीर आपलं काम करेल."

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "चल, रविवारी गादी बघू." मी, "बघू," म्हटलं.

मला गादी नको होती.

माझा जन्म आमच्याच पालघरकडल्या दांडीचा. आमचं घर किनाऱ्याजवळ, वडील होडीवर जायचे, आई मासळी विकायची. मी शाळेत असताना एकदा ओहोटीला होडीवरून उतरताना वडिलांचा पाय शेवाळावरून सटकला आणि ते पाठीवर खडकावर पडले. चौघांनी त्यांना झोळीत घालून आणलं. ते शुद्धीवर होते, बोलत होते, पण कंबरेखाली काही लागत नव्हतं. दवाखान्यातून परत पाठवल्यावर काकांनी पिंजाऱ्याकडून कापसाची नवी गादी भरून आणली. लाल पट्ट्यांचं जाड कापड होतं तिला. आमच्या घरात आलेली ती पहिली गादी. ओटीवर बाकावर ती घातली आणि वडिलांना उचलून तिच्यावर ठेवलं. त्यानंतर ते उठले नाहीत.

बरीच वर्षं ते त्या गादीवर होते. शाळेतून आले की आई आणि मी मिळून त्यांना कुशीवर वळवायचो. पाठीला जखमा व्हायच्या, त्या धुवायच्या. गादीला औषधाचा, घामाचा आणि कशाकशाचा एक वास बसला होता. ते वारले तेव्हा ती गादी किनाऱ्यावर नेऊन जाळली. ओला कापूस लवकर पेटेना. नुसता धूर निघत राहिला आणि आई पाठ करून उभी राहिली.

त्यानंतर आमच्या घरात कुणी गादी आणली नाही. आई म्हणायची, "गादी आली की माणूस उठत नाय." मी मोठी झाले, चार बुकं शिकले, कंपनीत लागले. वडील गादीमुळे नाही, मणका मोडल्यामुळे पडून राहिले, हे मला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि अंगाला बसलेलं वेगळं. आता माझा पाय बधिर होता, दुखणं त्याच जागी होतं, आणि डॉक्टर म्हणत होते गादी आणा.

मी दिवस ढकलले. एक रविवार पाहुण्यांमुळे गेला, एक माझ्या, "आज बरं वाटतंय," म्हणण्यात गेला. मी रजेवर होते. दिवसभर घरात एकटी आणि मनात सतत तपासणी चालू. बसायच्या जागेला हात लावून बघायची, लागतंय का? बाथरूमला जाऊन आले की मनात हिशेब, नीट झाली ना? पुन्हा पाणी प्यायची, पुन्हा जायची. शेजारून कुणी हाक मारली तरी दचकायची. नवरा विचारायचा, "काही वेगळं वाटतंय का?" आणि त्याच्या विचारण्यानंच वेगळं वाटायला लागायचं.

मग एक दुपार आली.

जेवण करून मी चटईवर आडवी झाले होते. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला. नवरा कंपनीत. डोळा लागला असावा. जाग आली ती दारावरच्या थापेनं. मी उठायला गेले आणि कंबरेतून अशी सणक गेली, की आवाजसुद्धा फुटला नाही. पुन्हा प्रयत्न केला. कुशीवर वळता येईना, गुडघे जवळ घेता येईनात. आणि मग मला जाणवलं, की डाव्या मांडीपासून खाली मला काहीच समजत नाही. लघवी लागली आहे की नाही, तेही सांगता येईना. मी आठवायचा प्रयत्न केला, सकाळी शेवटची कधी गेले होते, आणि ते आठवेना. छातीत इतकं धडधडत होतं, की दारावरची थाप आणि ती धडधड वेगळी करता येत नव्हती.

"बाय! ए बाय! दार उघड गं!"

आईचा आवाज. ती दांडीहून न सांगता आली होती, सुके बोंबील घेऊन. तिचं असंच असतं.

"आई," मी ओरडले, "मला उठता येत नाही!"

मग तिचा आवाज आला, आधीपेक्षा एकदम बारीक. "काय झालं? पडलीस का?"

"नाही. झोपले होते. उठता येत नाही. पाय लागत नाही मला."

"पाय लागत नाय?" ती म्हणाली. आणि मग दारावर थापा नाहीत, नुसता तळहात घासल्याचा आवाज. म्हाताऱ्या माणसाला आधार शोधावा लागतो तेव्हा होतो तसा. ती खाली बसली असावी, कारण पुढचं बोलणं दाराच्या फटीतून, खालून आलं. "देवा, ह्या घरात पण तेच आणलंस काय."

तिच्या ह्या बोलण्यानं मी जास्त घाबरले. मी एकटी असते तर कदाचित रडत पडले असते, पण आई बाहेर दाराशी बसली आहे आणि तिला तेच सगळं पुन्हा दिसतंय, हे मला सहन होईना. मी दोन्ही कोपरं टेकली आणि अंग ओढायला सुरुवात केली. चटई अंगाखाली गोळा होत गेली. दोन हात सरकायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा. दाराजवळ फरशी पुसायचा दांडा भिंतीला टेकवलेला असतो. तो पाडला, हातात घेतला आणि पडल्या पडल्या कडीला खालून ढोसू लागले. कडी हाताशी होती तेव्हा कधी इतकी उंच वाटली नव्हती.

"आई, दार तुझ्याकडे ओढून धर. कडी ताणली जातेय."

"धरते. तू मार."

दोनतीनदा दांडा निसटला. मग कडी सरकली. दार उघडलं आणि आई अक्षरशः उंबऱ्यावरून रांगत आत आली. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं माझा डावा पाय चोळायला लागली. तिच्या हातांना बोंबलाचा वास होता. चोळता चोळता ती विचारत होती, "इथं लागतं? इथं?"

"नाही. हो, थोडं. तिथं हो."

"मग हाय," ती म्हणाली. "जीव हाय."

तिनं फोन आणून दिला. नवरा कंपनीतून तडक आला आणि आम्ही तिघं पालघरला गेलो. डॉक्टरांनी टाचणीनं टोचून सगळं तपासलं. लघवी तुंबली नाही ना, म्हणून मशीनवर पोट बघितलं. मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही.

"शीर तेवढीच दाबलेली आहे, वाढलेलं काही नाही," ते म्हणाले. "स्नायू आखडून बसले, त्यामुळे उठता आलं नाही. बाकीचं भीतीनं. पण आलात ते बरोबर केलंत, अशा वेळी यायचंच." मग त्यांनी नवऱ्याला विचारलं, "गादी आणलीत का?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी आईकडे. आईनं खिडकीबाहेर.

चारपाच दिवसांनी, जरा चालता येऊ लागल्यावर, आम्ही बोईसरच्या गाद्यांच्या दुकानात गेलो. आई, "मी नाय येत," म्हणत रिक्षात बसली. दुकानात शिरल्या शिरल्या दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून राहिली. दुकान लांबट होतं आणि दोन्ही बाजूंना गाद्या मांडलेल्या. इतक्या रिकाम्या गाद्या एका ओळीत बघून मला कसंतरीच झालं. दुकानदार पन्नाशीचा, मूळचा राजस्थानकडचा, मराठी स्वच्छ पण मध्येच हिंदी यायची. मी कंबरेचं सांगितल्यावर म्हणाला, "भाभी, बसून कळत नाही. झोपून बघा. दहा मिनिटं झोपा, पंधरा मिनिटं झोपा, कुणी काही बोलणार नाही."

परक्या दुकानात, परक्या माणसासमोर आडवं व्हायची लाज वाटली. नवऱ्यानं माझी पर्स धरली. पहिली गादी मेमरी फोमची होती. वरवर हात दाबला तर पंजाचा ठसा उमटून राहिला. मी बेतानं बसले, कुशीवर कलले, उताणी झाले. आधी फार बरं वाटलं. कुणीतरी सगळीकडून धरल्यासारखं. मग गादी हळूहळू खाली जायला लागली, माझा खुबा आत आत गेला आणि दोन्ही बाजूंनी ती वर आली. वर दुकानाचा पंखा फिरत होता. मी वळायला गेले तर वळता येईना. रुतलेल्या अंगाला टेकू मिळत नव्हता.

"अहो," मी म्हटलं. आवाज नीट निघाला नाही. "अहो, मला काढा. काढा ह्यातून."

नवऱ्यानं दोन्ही हात देऊन ओढलं. मी उभी राहिले तेव्हा घामानं भिजले होते. आई स्टुलावरून उठून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर होतं ते सगळं मला वाचता येत होतं.

दुकानदारानं पाणी दिलं. "ही तुमच्यासाठी नाही," एवढंच म्हणाला. मग त्यानं काथ्याची कडक गादी दाखवली. तिच्यावर मी सोय म्हणून नाही, भीती घालवायला झोपले. ती फरशीसारखीच होती, ओळखीची. पण डाव्या कुशीवर वळले आणि थोड्याच वेळात पोटरीतून मुंग्या यायला लागल्या. उठले लगेच. मुंग्यांची तेव्हा मला विंचवासारखी भीती वाटायची.

"आता ही बघा. हायब्रिड म्हणतात," तो म्हणाला आणि त्यानं एक कापलेला तुकडा आणून दाखवला. खाली स्प्रिंगा होत्या, पण जुन्या सोफ्यासारख्या एकमेकींत अडकवलेल्या नव्हत्या. प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत शिवलेली. त्यांच्यावर फोमचे दोन थर. "एक दबली तरी बाजूची दबत नाही. खालून उचलून धरते, वरून टोचत नाही. ही मीडियम फर्म, म्हणजे मध्यम कडक आहे. हिच्यात अजून मऊ येते, ती तुम्हाला देणारच नाही."

आई त्या तुकड्याजवळ आली होती. तिनं बोटानं एक स्प्रिंग दाबली. सोडली. मग दुकानदाराला विचारलं, "ह्याच्यावरनं माणूस उठतो का?"

दुकानदार हसला. "काकी, गादी झोपायला असते."

"झोपायला कुठं पण झोपतात. मी उठायचं इचारते."

तिनं हे थट्टेनं विचारलं नव्हतं, हे बहुतेक त्याला कळलं. तो हसायचा थांबला. म्हणाला, "बघू या. भाभीच बघतील." त्यानं गादीची कड हातानं दाबून दाखवली. कडेला स्प्रिंगा जाड होत्या. "कडेवर बसा, पाय खाली टेकतात का ते आधी बघा."

टेकले. मी आडवी झाले. खुबा थोडा आत गेला आणि थांबला. तो थांबला, हे मला आजही आठवतं. खाली काहीतरी होतं, जे आणखी जाऊ देत नव्हतं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, की उताणं झोपून कंबरेखालून हात घालायचा. सहज आरपार गेला तर गादी कडक, शिरलाच नाही तर मऊ. माझा हात गेला, पण जरा घासून. नवऱ्याला पलीकडच्या बाजूला झोपायला लावलं. तो वजनदार माणूस, घरच्या गादीवर तो वळला की सगळा पलंग हालतो. इथं तो वळला ते मला कळलं, पण माझं अंग ओढलं गेलं नाही.

"आता उठ," आई म्हणाली.

मी गुडघे जवळ घेतले. कुशीवर वळले. पाय कडेवरून खाली सोडले आणि हातानं गादी दाबत बसती झाले. कड खचली नाही. उभी राहिले. कुणी हात दिला नव्हता.

"परत," आई म्हणाली.

मी परत झोपले, परत उठले. तिनं तिसऱ्यांदाही करायला लावलं. दुकानात एक जोडपं आलं होतं, ते आमच्याकडे बघत राहिलं. तिसऱ्यांदा उठल्यावर आई पुन्हा आपल्या स्टुलावर जाऊन बसली. "घ्यायची तर घ्या," म्हणाली. "मी नाय सांगणार."

गादी दुसऱ्या दिवशी टेम्पोतून आली. प्लॅस्टिक कापल्यावर तिला असा वास आला, की मला आमच्या कंपनीच्या मागचा नाला आठवला. खिडक्या उघड्या ठेवून दिवसभर तिला वारा दिला. जुनी गादी नवऱ्यानं बाहेर नेऊन टाकली. आई बाहेरच्या खोलीत चटईवर झोपायची. माझ्या सेवेसाठी ती राहिली होती, पण आतल्या खोलीचा उंबरा ओलांडत नव्हती. चहा आणला तरी दारातून हात लांब करून द्यायची.

आणि पहिले काही दिवस माझं दुखणं वाढलं. फरशीला सरावलेलं अंग त्या गादीवर अवघडून गेलं. सकाळी उठल्यावर पाठीत जागोजागी ठणका. मला वाटलं संपलं. आई म्हणते तेच खरं. मी नवऱ्याला म्हटलं, "परत द्या ही. मला खाली झोपू द्या." तो म्हणाला, "दुकानदार बोललाच होता, अंगाला सवय व्हायला वेळ लागतो. थोडं थांब." "तुमच्या थांबण्यात माझा पाय गेला तर?" मी म्हटलं. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. मला तेव्हा कळलं, की तोही घाबरलेलाच आहे, फक्त त्याला कंपनीत जायचं असतं.

मी फोन करून डॉक्टरांना विचारलं. त्यांनी पुन्हा तीच लक्षणं विचारली, नाही म्हटल्यावर म्हणाले, झोपत राहा.

नंतरच्या आठवड्यात एका सकाळी मी जागी झाले आणि ऊन भिंतीवर आलेलं होतं. इतकं ऊन मी अंथरुणातून कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं, कारण दुखण्यानं पहाटेच उठवायचं. आज दुखत नव्हतं. काहीच लागत नव्हतं. आणि काहीच लागत नाही म्हटल्यावर मी गारठले. वडिलांनाही लागत नव्हतं. मी पांघरुणाखाली हात घालून मांडी चाचपली. गरम होती. हाताला मांडी कळली आणि मांडीला हात कळला. मग अंगठा हलवायचा प्रयत्न केला. हलला. तरी माझा विश्वास बसेना, म्हणून मी आईला हाक मारली.

ती दारात आली. "काय झालं?"

"माझा अंगठा बघ. हलतोय का?"

तिनं दारातूनच बघितलं. तिला नीट दिसत नाही. थोडा वेळ ती तिथेच घुटमळली, मग आत आली आणि पलंगाच्या कडेवर बसली. "हलतोय," म्हणाली. तिनं तो हातात धरून ठेवला.

मग ती म्हणाली, "तुझ्या बानंच गादी मागितली होती. ठाऊक हाय तुला?"

मला ठाऊक नव्हतं. मी समजत होते ती काकांनी आपणहून आणली.

"जमीन टोचते म्हणायचा. गादी आली तसा त्याला आराम पडला. पहिल्यांदा हसला. मग मी किती बोलायची, जरा उठून बस, जरा टेकून बस, तर म्हणायचा, ऱ्हाऊ दे गं, बरं वाटतंय. दाक्तर बोलला होता बसायला येईल म्हणून. आमी काय, आमाला काय कळत होतं? पण मला वाटायचं, ह्या आरामानंच त्याला धरून ठेवला." ती गादीवरून हात फिरवत होती. "तुला झोप लागायला लागली, तशी मला भ्या वाटायला लागलं. तू कण्हत होतीस तेव्हा बरं होतं. कण्हणारं माणूस उठायला बघतं."

इतकी वर्षं मी गादीला भीत होते. ती आरामाला भीत होती, हे मला त्या सकाळी कळलं. मी म्हटलं, "मी उठते बघ." आणि वळून, पाय सोडून, उठले. ती माझ्याबरोबरच उठली आणि चहा ठेवायला गेली. नंतरही, ती आमच्याकडे होती तोवर, रोज सकाळी मी उठेपर्यंत आतल्या खोलीच्या दारात उभी राहायची. मी उभी राहिले की निघून जायची.

ऑपरेशन करावं लागलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर पंजा पूर्ण उचलता यायला लागला. करंगळीच्या बाजूची थोडी कातडी अजून बधिर आहे. डॉक्टर म्हणाले, ती तशीच राहील किंवा जाईल, सांगता येत नाही. चकती पुन्हाही सरकू शकते, हेही त्यांनी सांगितलं. गादीमुळे बरी झाले असं मी कुणाला सांगत नाही. व्यायामानं झालं, दिवसांनी झालं, वजन उचलणं बंद झाल्यानं झालं. कंपनीत मला आता तपासणीच्या टेबलाला बसून काम दिलंय. पण झोप मात्र त्या गादीनं दिली, आणि झोप आल्यावर दिवसभरची ती चाचपणी कमी झाली. बंद नाही झाली. शिंक आली तरी मी अजून आधी भिंत धरते.

गेल्या महिन्यात दांडीला भाचीची हळद होती. दुखण्यानंतर मी पहिल्यांदाच माहेरी गेले. दुपारची जेवणं झाली, बायकांनी घरभर चटया अंथरल्या. भावजयीनं माझ्यासाठी दोन गोधड्या जास्त घातल्या आणि म्हणाली, "इथं पड गं, मऊ केलंय." मी खाली बसायला वाकले आणि मध्येच थांबले. खाली जाऊन पुन्हा उठता आलं नाही तर, ह्या एवढ्या लोकांत. मी म्हटलं, "मी संध्याकाळीच निघते." सगळ्या म्हणाल्या, अगं हळदीला आलीस आणि ऱ्हात नायस? माहेरी येऊन मुक्काम न करता परत फिरायची माझी ही पहिलीच वेळ. मला रडू आलं.

आईनं पिशवीत वाकट्यांची सुकी मासळी भरली, माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत आली आणि रिक्षा थांबवली. मी आत बसल्यावर वाकून रिक्षावाल्याला बजावलं, "खड्डे बघून चालव. तिला पाठीचं हाय."

"मग पुढच्या खेपेला राहीन," मी म्हटलं.

"कशाला? तिकडं झोप लागते ना तुला?" ती म्हणाली. "मग तिकडंच झोप. सकाळी उठलीस की फोन कर."